भाऊसाहेबांची सही

पहाटे सव्वाचारला गजर वाजतो तेव्हा माझे पाय गाढ झोपेत असतात. त्यांची पळायला ना नाही; त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. जागे होतात ते भाऊसाहेब.

भाऊसाहेब माझ्या डोक्यात बसतात. महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला भाऊसाहेब म्हणजे कोण हे सांगायची गरज नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी ज्याने खेपा घातल्यात त्या प्रत्येकाने त्यांना पाहिलेलं आहे. टेबलावर फायली, फायलींवर चहाच्या कपाचा गोल डाग, आणि अर्ज हातात घेण्याआधीच त्यातली त्रुटी सापडलेली.

"रात्री झोप किती झाली?"

"साडेपाच तास."

"सात लागतात. परत या."

"आज सोळा किलोमीटर आहेत हो. ग्रुप थांबलाय."

"डाव्या पोटरीचं काय? परवा कुरकुरत होती."

"आता बरी आहे."

"तसं लेखी आहे का?"

लांब पल्ल्याच्या पळण्याची तयारी शारीरिक आणि मानसिक अशी दुहेरी असते, असं आमचे कोच पहिल्या दिवशी म्हणाले होते. तेव्हा मला वाटलं, शारीरिक म्हणजे अवघड आणि मानसिक म्हणजे भाषण. दोन वर्षांनी माझं मत नेमकं उलटं झालंय. शरीर हा साधा शिपाईगडी आहे. चल म्हटलं की कण्हत का होईना, निघतो. अडते ती भाऊसाहेबांची सही.

मी या भानगडीत पडलो 53व्या वर्षी. रक्ताच्या अहवालात कोलेस्टेरॉलचा आकडा ठळक अक्षरात आला होता. डॉक्टर म्हणाले, "रोज अर्धा तास चाला." शेजारच्या विंगमधले एक गृहस्थ म्हणाले, "चालता काय, पळा." डॉक्टरांनी 800 रुपये घेतले होते, शेजाऱ्यांनी फुकट सांगितलं. पुणेकराने कुणाचं ऐकलं असेल हे उघड आहे.

पहिली शारीरिक तयारी पाकिटाची झाली. बुटांच्या दुकानातल्या मुलाने मला पट्ट्यावर चालवलं, पाठीमागून माझ्या घोट्यांचं चित्रण केलं, ते मलाच दाखवलं आणि एखादी वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाला, "सर, तुमचे पाय आत पडतात." 53 वर्षं हेच पाय घेऊन मी हिंडलो, बँकेत नोकरी केली, सप्तपदी चाललो. कुणी बोललं नव्हतं. 11,000 रुपयांचे बूट घेऊन घरी आलो आणि गाफीलपणे सांगून बसलो की साधारण 600 किलोमीटर झाले की हे बदलायचे असतात.

"सहाशे?" बायको म्हणाली. "अहो, तेवढ्यात आपण गाडीचं ऑइलसुद्धा बदलत नाही."

पुढच्या आठवड्यात फोम रोलर आला. दीड फूट लांबीचा, अंगावर खवले असलेला तो एक दंडगोल असतो. त्याच्यावर मांडी टेकवायची आणि पुढे-मागे घरंगळायचं, म्हणजे आखडलेले स्नायू मोकळे होतात. मी दिवाणखान्यात मांडीची बाहेरची बाजू त्यावर टेकवली आणि जो काही आवाज केला, त्याने स्वयंपाकघरातून बायको आणि देवापुढून आई अशा दोघी एकदमच बाहेर आल्या. आई 81 वर्षांची आहे. तिने बराच वेळ नुसतं पाहिलं.

"हे लाटणं केवढ्याला पडलं?"

"पंधराशे."

"आणि पोळी तू?"

तेव्हापासून आमच्या घरात माझ्या व्यायामाला 'लाटायला बसणं' म्हणतात. माझा फोन वाजला तर बायको तो उचलून समोरच्याला बिनदिक्कत सांगते, "ते लाटतायत, अर्ध्या तासाने करा."

बाकीच्या शारीरिक गोष्टी भराभर सांगतो, कारण त्या ऐकायला कुणाला आवडत नाहीत. अंगठ्याचं नख आधी जांभळं होतं, मग काळं, मग नसतं. जिथे जिथे त्वचेला त्वचा किंवा कापड घासतं तिथे व्हॅसलीन लावावं लागतं, आणि अशी ठिकाणं आपल्याला वाटतात त्याहून फार जास्त असतात. छातीवर दोन ठिकाणी चिकटपट्टी लावायची असते, हे मला कुणी वेळेवर सांगितलं नाही. अठरा किलोमीटर करून मी सोसायटीच्या फाटकातून आत आलो तेव्हा पांढऱ्या टीशर्टवर दोन लाल टिपके पाहून वॉचमन खुर्चीतून उठला. "साहेब, कुणी मारलं?"

आमचा ग्रुप कधीकधी डेक्कनवरून पळतो. तेव्हा मला 1919 साल आठवतं. म्हणजे मी तेव्हा नव्हतो, वाचलेलं आठवतं. सर दोराबजी टाटा त्या साली डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते आणि मैदानी स्पर्धांना पहिल्यांदाच हजर राहिले. स्पर्धक बहुतेक शेतकऱ्यांची पोरं. लांब पल्ल्याची शर्यत साधारण दहा मैलांची, तिलाच तेव्हा 'मॅरेथॉन' म्हणायचे. पोरं रस्त्यावर अनवाणी पळत होती, प्रशिक्षण कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या बरोबरीला येत होत्या. दोराबजींना वाटलं, यांना ऑलिंपिकला पाठवायला हवं. पुढच्याच वर्षी अँटवर्पला मोजका चमू गेलाही. त्यात मॅरेथॉन पळायला बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. ते एकोणिसावे आले. त्यांचा घोटा आत पडतो की बाहेर, याचं चित्रण कुणी केलं नव्हतं.

या सगळ्या तयारीच्या काळातली आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे. ऑलिंपिकसाठी 100 मीटरला वेळ किती धरायची, असा प्रश्न निघाला तेव्हा जिमखान्याचे एक वजनदार सभासद म्हणाले, असेल एखाद-दोन मिनिटं. तिथे सेकंदांचा हिशेब असतो हे कळल्यावर ते चकित झाले. हे सभासद मला फार जवळचे वाटतात. 100 मीटरला एक मिनिट हा घाटातला माझा नेमका वेग आहे.

तयारीच्या कल्पना काळानुसार बदलतात हे खरंच. 1904च्या सेंट लुइस ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये पळणाऱ्यांना पाणी जवळजवळ द्यायचंच नाही, असं आयोजकांचं धोरण होतं. विजेता थॉमस हिक्स शेवटी शेवटी कोसळायला लागला तेव्हा त्याच्या माणसांनी त्याला अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिकनीन दिलं. स्ट्रिकनीन म्हणजे उंदीर मारायचं विष. आज आम्ही जे 120 रुपयांचं आंबटगोड एनर्जी जेल चोखतो, त्याचे हे पणजोबा. चव बहुधा तीच राहिली असावी.

पण हा सगळा शिपाईगड्याचा खर्च झाला. भाऊसाहेबांकडे वळतो.

दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर टिम नोक्स यांनी एक सिद्धान्त मांडला आहे. स्नायू खरोखर संपण्याच्या कितीतरी आधी मेंदूच ब्रेक लावतो, आणि 'आता होत नाही' हे आपल्याला वाटणं म्हणजे मेंदूने खबरदारी म्हणून काढलेलं परिपत्रक असतं, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही. मला वाचताक्षणी पटलं, कारण मी 34 वर्षं बँकेत काढली आहेत. तिजोरीत पैसे असतात. साहेबांना फक्त वाटत असतं की नसावेत.

याहून मजेदार एक प्रयोग 2004 साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला झाला. सायकलपटूंना साधारण तासाभराची शर्यत करायला लावली आणि मध्ये मध्ये कर्बोदकाचं बेचव पाणी तोंडात घोळवून थुंकायला सांगितलं. पोटात काहीच गेलं नाही. तरी ते साध्या पाण्याच्या चुळा भरण्याच्या मानाने सुमारे 3 टक्क्यांनी जलद गेले. तोंडाने वर कळवलं की माल येतोय, आणि वरच्यांनी ब्रेक ढिला केला! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो. म्हणजे भाऊसाहेबांना पाकीट द्यायलाच लागत नाही. नुसतं दाखवायचं आणि परत खिशात घालायचं, तेवढ्याने फाइल हलते. आपल्याकडे हे इतकी वर्षं कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?

कोच या सगळ्यासाठी मंत्राचा आग्रह धरतात. ते 29 वर्षांचे आहेत आणि मला 'सर' म्हणून छळतात. "सर, थकवा आला की मनात म्हणायला एक वाक्य ठरवून ठेवा. छोटं, पॉझिटिव्ह." ग्रुपमधल्या एका आयटीवाल्या मुलाने 'स्ट्राँग, स्ट्राँग' ठरवलं. दंतवैद्य बाईंनी 'मंगलमूर्ती मोरया' घेतलं, त्याला पावलांचा ठेकाही बरा बसतो. मी 'मी पळू शकतो' असं वाक्य आणलं आणि विद्यापीठाच्या आवारात पहिल्याच चढावर वापरून पाहिलं.

"मी पळू शकतो."

"पुरावा?" भाऊसाहेब म्हणाले.

दोन महिने असेच गेले. मग एकदा पाषाण रस्त्यावर अकराव्या किलोमीटरला, का कुणास ठाऊक, माझ्या तोंडून एकोणतिसाचा पाढा सुरू झाला. आमच्या गुरुजींनी तिसापर्यंत पाढे घोकून घेतले होते आणि त्यात एकोणतिसाचा म्हणजे घाटमाथाच. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. गंमत अशी की पाढा सुरू झाला आणि भाऊसाहेब गप्प. गप्प म्हणजे कामात. पाढ्यात चूक होतेय का, हे तपासायला ते मान खाली घालून बसले. चूक काढायची त्यांची हौस तिथे परस्पर भागली आणि पोटरीची फाइल मागे पडली. मी तीन किलोमीटर पुढे निघून गेलो तरी त्यांना पत्ता नव्हता.

याला शास्त्राधार आहे, हे मी ग्रुपवर लगेच जाहीर केलं. मॉर्गन आणि पोलॉक या अमेरिकन संशोधकांनी 1977 साली लिहिलं होतं की अव्वल दर्जाचे मॅरेथॉनपटू पळताना आपल्या शरीराकडे लक्ष ठेवून असतात, श्वास कसा आहे, पाय जड झाले का, हे सतत तपासतात. आणि आमच्यासारखे सामान्य लोक मनाला दुसरीकडे कुठेतरी गुंतवून वेळ काढतात. आयटीवाल्या मुलाने खाली लिहिलं, "म्हणजे काका, पाढे म्हणणं हे सामान्य असल्याचं लक्षण आहे." मी त्याला अंगठा पाठवला. नख नसलेला.

शर्यत ठरली होती सातारा हिल हाफ मॅरेथॉन. 21 किलोमीटर, निम्मी चढण, निम्मा उतार. शर्यतीच्या आधी दहा-बारा दिवस पळणं कमी करत न्यायचं असतं. याला टेपर म्हणतात. शरीराला विश्रांती मिळावी हा हेतू. शिपाई रजेवर गेला की कचेरीत साहेबांना काम उरत नाही, आणि काम नसलेले भाऊसाहेब ही काय चीज असते हे मला या दिवसांत कळलं. सोमवारी उजवा गुडघा. मंगळवारी तो थांबला आणि डावा सुरू झाला. बुधवारी घसा. लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला शिंक आली तेव्हा मी पाचव्या मजल्यापर्यंत श्वास धरून उभा होतो. गुरुवारी मला टाचेत काहीतरी जाणवलं. काय जाणवलं ते सांगता येईना, पण जाणवलं. बायकोने शांतपणे विचारलं, "लाटून बघितलंत का?"

शनिवारी संध्याकाळी सातारला ताईकडे उतरलो. ताई म्हणजे माझी मावसबहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. कार्ब लोडिंग म्हणजे काय हे मी तिला फोनवर सांगून ठेवलं होतं: आदल्या दिवशी भात, बटाटा, पोळी असलं पिष्टमय खायचं, जपून. यातलं 'जपून' तिकडे ऐकू गेलं नसावं. पानात पुरणपोळ्या होत्या आणि वाटीत कटाची आमटी.

"खा की. उद्या एवढं पळायचंय."

शर्यतीच्या तोंडावर नवीन काही करायचं नाही, हा धावणाऱ्यांचा पहिला नियम. नवीन बूट नाही, नवीन खाणं नाही. मी प्रामाणिकपणे विचार केला. कटाची आमटी नवीन नव्हती. मी ती चाळीस-पन्नास वर्षं खात आलो आहे. भाऊसाहेबांनीही चक्क हरकत घेतली नाही. दुसरी वाटी घेताना मला ते संशयास्पद वाटायला हवं होतं.

लांब पल्ल्याच्या पळण्यावर इतकी पुस्तकं निघतात, पण सगळ्यात महत्त्वाच्या विषयावर कुणी सविस्तर लिहीत नाही. तो विषय म्हणजे पोट साफ होणं. बाकी सगळी तयारी यावर उभी असते. पहाटे साडेतीनला उठलो, कोमट पाणी प्यायलो, येरझाऱ्या घातल्या, ताईच्या घरचा काळा चहा घेतला. काही नाही. भावोजी म्हणाले, "आणखी अर्धा कप घ्या, माझं तसंच होतं." आणखी अर्धा कप घेतला. काही नाही. मैदानावर पोहोचलो, हजारो माणसं जमलेली, ढोल वाजायला लागले, आणि आमटीने ओळख दिली. शौचालयं भरपूर होती, पण ढोल सगळ्यांनीच ऐकले होते. माझ्यापुढे बावीस माणसं आणि सुटायला अठरा मिनिटं. काळ, काम, वेगाचं हे उदाहरण शाळेत घातलं असतं तर आमचा अख्खा वर्ग पैकीच्या पैकी मार्क मिळवता. मी सुटलो. शर्यत सुटल्यानंतर तीन मिनिटांनी, पण सुटलो.

गाव मागे पडलं की यवतेश्वरचा घाट लागतो. पावसाळ्यात तो इतका सुंदर असतो की त्याच्याविषयी लिहायचा मोह होतो; पण मी बहुतेक वेळ पुढच्याच्या बुटांचे तळवे पाहत होतो, त्यामुळे मला ते तळवेच नीट सांगता येतील. धुकं होतं. रस्त्याच्या कडेला उभे सातारकर ओळखपाळख नसताना "लई भारी काका!" म्हणत होते. पुण्यात मला कुणी असं म्हटलेलं नाही. आमच्याकडे एका आजोबांनी एकदा मला थांबवून "घाई कसली आहे?" असं मात्र विचारलं होतं.

पाचव्या किलोमीटरनंतर भाऊसाहेबांनी दप्तर उघडलं. मी पाढा काढला. एकोणतीस एके, एकोणतीस दुणे... सहापर्यंत ठीक गेलं. पुढे एकोणतीस सत्ते. आठवेना. चढावर श्वास कमी पडला की आकडे आधी जातात. भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. मी शेजारी पळणाऱ्या, कॉलेजात असेल अशा मुलाला धापा टाकत विचारलं, "एकोणतीस सत्ते किती?"

त्याने माझ्याकडे काळजीने पाहिलं. "काका, बरं वाटतंय ना? बसायचं का थोडं?"

"किती?"

"दोनशे तीन. पण खरंच, डॉक्टरांना बोलावू का?"

"एकोणतीस अठ्ठे दोनशे बत्तीस," मी म्हणालो आणि पुढे गेलो. तो बराच वेळ माझ्या मागोमाग येत होता. मला वाटतं, जबाबदारी म्हणून.

पुढच्या पाण्याच्या टेबलावर मी बर्मिंगहॅमचा प्रयोग करायचं ठरवलं. शाळेच्या गणवेशातली आठवी-नववीतली एक मुलगी गोड पाण्याचा पेला घेऊन उभी होती. मी घोट घेतला, गालात घोळवला, डोक्यात 'माल येतोय' असं कळवलं आणि थुंकायला रस्त्याच्या कडेला वळलो. तिचा चेहरा पडला.

"काका, घाण लागतंय का? मी बनवलंय."

मी गिळलं. दुसरा पेलाही घेतला, तोही गिळला. नुसतं पाकीट दाखवून परत खिशात घालणं सगळ्यांना जमत नसतं.

शिवाय फाइल काही पुढे सरकली नाही ती नाहीच. वळणाच्या खुणेपाशी पोहोचलो तेव्हा भाऊसाहेब जवळजवळ आनंदाने म्हणाले, "झालं की. आता गाडी बघा." तिथे मी पहिल्यांदाच त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांना म्हटलं, तुमचं बरोबर आहे, झोप कमी झालीय, पोटरी दुखतेय, वय 55 आहे, आमटी दोन वाट्या झाली. सगळ्या त्रुटी मान्य. आता खाली जाऊन घरीच जायचंय, आणि घर त्याच रस्त्याने आहे. यावर त्यांच्याकडे नियम नव्हता.

उतार सोपा असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी उतरून पाहावा. चढाला फुप्फुसं भरडतात, उताराला मांड्या. दुसऱ्या दिवशी ताईच्या घरच्या देशी संडासात मी बसलो तो उठता येईना, आणि भावोजींना दाराबाहेरून विचारावं लागलं की आणखी अर्धा कप आणू का. पण त्या क्षणी मला काही दुखत नव्हतं. पाढा मी केव्हाच सोडला होता. मांड्या, श्वास, पाऊल कुठे पडतंय, एवढंच मी पाहत होतो. अव्वल दर्जाचे लोक असंच करतात, हे शेवटच्या किलोमीटरला आठवलं आणि मी लगेच परत सामान्य झालो.

पदक गळ्यात पडल्यावर आईला फोन केला. तिने आधी विचारलं, "जेवलास का?" मग, "पहिला कोण आला?" मला माहीत नव्हतं. माझी वेळ होती 2 तास 51 मिनिटं 12 सेकंद. तिने ती बायकोला मोठ्याने सांगितली आणि कंदी पेढे आणायची आठवण केली.

परतीच्या एसटीत, खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडे, मी फडेप्पा चौगुल्यांची अँटवर्पची वेळ शोधून काढली. 1920च्या ऑलिंपिकमधली मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब होती, 42.75 किलोमीटरची. चौगुल्यांना लागले 2 तास 50 मिनिटं 45 सेकंद. त्यांच्या निम्म्याहून कमी अंतराला मला 27 सेकंद जास्त लागले.